पाण्यावरची साय

त्या वैशाखात खैरखेडच्या कूलरांनी गारवा द्यायचं सोडून दिलं. लोकांनी आधी मिस्त्र्यांना शिव्या घातल्या, मग वाळ्याच्या नव्या ताट्या आणल्या. त्याही भिजून चिंब झाल्या, तरी खोलीत येणारी हवा कोमटच. छाया इंगोलेच्या घरात दोन कूलर होते आणि दोन्ही रुसलेले. तिचा नवरा दिगंबर आयटीआयमध्ये एकतीस वर्षं पंप आणि मोटारी शिकवून निवृत्त झालेला, त्यामुळे त्याला हा सरळसरळ स्वतःचा अपमान वाटला. त्यानं पंप उघडला, पंख्याची पाती पुसली, सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं आणि शेवटी बटण तीनवर नेऊन ठेवलं.

"पानी चालू, पंखा चालू, ताटी नवी," तो म्हणाला. "आता याच्याहून जास्त काय करू मी? चोवीस तास चालू ठेवा. येईन तेवढी हवा येईन."

चोवीस तास चालू ठेवायला कारणही होतं. मागच्या खोलीत त्यांची लेक ऋतुजा होती, अकरा दिवसांची बाळंतीण, आणि तिच्या कुशीत तिची मुलगी. उद्या बारसं. जावई सकाळी पुण्याहून पोचायचा होता. नाव ठरलं होतं, पण बारशाआधी ते कुणी तोंडातून काढायचं नाही असा छायाचा दंडक होता, म्हणून दिगंबर नातीला नुसतं "बाई" म्हणे. बाहेर सेहेचाळीस अंश ऊन होतं आणि खिडकीतला कूलर बाईच्या पाळण्यावर ओलसर, कोमट वारा सोडत होता.

खरं तर ऋतुजाला इकडे यायचंच नव्हतं. पुण्यात सगळं आहे, एसी आहे, दवाखाना सोसायटीच्या समोर आहे, असं ती डिसेंबरपासून सांगत होती. पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हा हट्ट छायानं सोडला नाही. शेवटी ऋतुजानं खैरखेडच्या पाण्याचं नाव काढलं. धरणात म्हणे काहीतरी औषध टाकतात. तेव्हा छाया मोठ्यानं हसली होती.

"ते पाणी तपासतं कोण? मीच ना गं. दर सोमवारी माझी सही असते त्याच्यावर. माझ्या नातवंडाला मी वाईट पाणी देईन का?"

आठवा लागताच ऋतुजा बॅग घेऊन आली.

ती ज्याला औषध म्हणत होती, त्याचं नाव स्थिरा. पिंपळधरा धरणातलं जेवढं पाणी खैरखेड पितं, त्याच्या दुप्पट ऊन पिऊन टाकतं, हे त्या भागातलं जुनं दुखणं. पाण्यावर मेणासारख्या पदार्थाचा पातळ थर पसरला की वाफ कमी होते, हेही पूर्वीपासून माहीत होतं. पण वारा सुटला की तो थर फाटायचा आणि काठाला जाऊन गोळा व्हायचा. स्थिराची करामत अशी की ती पाण्यात चक्क विरघळायची. तिच्या प्रत्येक रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहणारं आणि दुसरं पाण्याचा तिटकारा करणारं. विरघळलेले रेणू आपोआप हळूहळू वर यायचे आणि पृष्ठभागावर दाटीवाटीनं उभे राहायचे, तापवलेल्या दुधावर साय धरते तसे. वाऱ्यानं साय फाडली, तर खालून नवे रेणू येऊन भोक बुजवायचे. २०३९ साली ती पहिल्यांदा पिंपळधऱ्यात पडली आणि दोन उन्हाळे गावाला टँकरचं तोंड पाहावं लागलं नाही. मग इतर जिल्ह्यांतल्या धरणांतही ती पडू लागली. अशा वस्तूविषयी कोण कशाला शंका काढील?

एकच शंका होती, ती सरकारनंच काढून ठेवली होती. ही साय नळातून घरात आली तर? बनवणाऱ्यांचं म्हणणं, ती येणारच नाही. साय राहते वर, आणि गावाचं पाणी उचलतात पंचवीस फूट खालून. पण नुसत्या म्हणण्यावर पाणी सोडता येत नाही. दर आठवड्याला नळाचं पाणी तपासायचं आणि त्यात स्थिरा नाही असं लिहून द्यायचं, हे काम जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेकडे होतं आणि त्या प्रयोगशाळेची प्रमुख छाया होती.

तपासणी सोपी होती आणि म्हणूनच देखणी होती. पाण्याच्या पोटातल्या रेणूला चारी बाजूंनी शेजारी ओढत असतात. अगदी वरच्या रेणूला वरून ओढणारं कुणी नसतं, म्हणून तो आत आणि बाजूला ओढला जातो, आणि पाण्याचा सगळा पृष्ठभाग ताणून धरलेला राहतो. हा ताण मोजता येतो. प्लॅटिनमची एक बारीक कडी आचेवर लाल करून घ्यायची, थंड झाली की पाण्यावर आडवी टेकवायची आणि हळूहळू वर उचलायची. पाणी कडीला धरून वर येतं, ताणतं, आणि एका क्षणी सुटतं. सुटण्याआधी त्यानं किती जोर लावला, तो आकडा. पंचवीस अंशाला शुद्ध पाण्याचा आकडा बहात्तर. साबण, तेल, स्थिरा, असलं काहीही किंचित जरी मिसळलं तरी आकडा घसरतो. बहात्तरच्या आसपास आला की पाणी निर्दोष.

पण पाण्याच्या पृष्ठासारखं चटकन मळणारं दुसरं काही नाही. हवेतली धूळ, बोटांचा तेलकटपणा, सगळं तिथं येऊन बसतं आणि आकडा खोटा पाडतं. छायाला हे काम शिकवणारे गुल्हाने सर म्हणायचे, कडी टेकवायच्या आधी पाणी झाडून घ्या. म्हणजे, शोषण पंपाला जोडलेली काचेची बारीक नळी पृष्ठावरून अर्धगोलात फिरवायची, वरचा थर ओढून टाकायचा आणि नवं पृष्ठ मळायच्या आत, दहा सेकंदांत, कडी उचलायची. छायाचा हा हात असा बसला होता की तिचे दोन आकडे कधी वेगळे येत नसत. तीन वर्षांपूर्वी खात्यानं मोजणीचं यंत्र आणलं, तेव्हा त्याला शिकवायला तिलाच बसवलं. सहा आठवडे कॅमेरे तिच्या मनगटाकडे बघत होते. आता राज्यातल्या एकतीस प्रयोगशाळांमधे त्या यंत्राचा हात तिच्यासारखाच अर्धगोल फिरवून पाणी झाडायचा. खात्यानं तिला शाल आणि श्रीफळ दिलं. त्या शालीचा तिला अभिमान होता आणि तो ती मुळीच लपवत नसे.

त्या सोमवारी सकाळी यंत्रानं आकडा दिला एकाहत्तर पूर्णांक नऊ. छायानं सही केली, पत्रक नगरपालिकेला, शाळांना, दवाखान्यांना गेलं, आणि बारशाचं सामान घेऊन ती दुपारी दोनला घरी आली.

मागच्या खोलीत ऋतुजा बाळाला मांडीवर घेऊन ताठ बसली होती. तिचा चेहरा पाहूनच छायाच्या हातातली पिशवी खाली ठेवली गेली.

"आई, ही मघापासून पीत नाहीये. दोन घोट घेते आणि सोडते. आणि हा आवाज ऐक."

छाया वाकली. प्रत्येक श्वास सोडताना बाळ बारीकसं कण्हत होतं. नाकपुड्या फुलत होत्या, आणि श्वास आत घेताना बरगड्यांखालची कातडी खोल आत ओढली जात होती. छायानं घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला ब्याऐंशी. साठाच्या वर जायला नकोत, एवढं तिला ठाऊक होतं.

"अहो, रिक्षा बोलवा," ती म्हणाली. "आत्ता."

दवाखान्यात बालविभागाच्या डॉक्टर तबस्सुम काझी होत्या. त्यांनी बाळाला ऑक्सिजन लावला, छातीचा फोटो काढला आणि तो पडद्यावर लावला.

"किती दिवसांची म्हणालात?"

"अकरा. पूर्ण दिवसांची. दोन किलो नऊशे," छाया म्हणाली.

"तेच मला कळत नाही. हा फोटो सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचा वाटतो." डॉक्टरांनी पडद्यावरच्या पांढुरक्या छातीवर बोट ठेवलं. "फुप्फुसात हवेच्या लाखो बारीक पिशव्या असतात. आतून ओल्या. ओल असली की पाण्याचा ताण आला आणि तो त्या पिशव्यांना आत ओढून मिटवायला बघतो. तसं होऊ नये म्हणून आपलं शरीर साबणासारखं एक द्रव्य करतं, ते त्या ओलीवर पसरून ताण कमी करतं. दिवस पुरे न झालेल्या बाळांत ते तयार झालेलं नसतं, म्हणून त्यांच्या पिशव्या मिटतात. पण हिच्याकडे ते होतं. अकरा दिवस हिनं छान श्वास घेतलाय. मग ते गेलं कुठे? कुणीतरी पुसून टाकल्यासारखं झालंय."

"असं होऊ शकतं?"

"दुसरं काही जाऊन त्याच्या जागी बसलं तर होऊ शकतं. पृष्ठावर त्याहून घट्ट बसणारं काहीतरी. ते फुप्फुसातल्या द्रव्याला हुसकून देतं, आणि स्वतः ते काम करत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "या आठवड्यातलं हे चौथं बाळ. चारी घरं वेगळ्या भागातली. सारखं म्हणाल तर एवढंच सापडलं, की चारी बाळं कूलरच्या तोंडाशी होती. पण कूलर तर गावात घरोघरी आहेत."

छाया खुर्चीवर बसली. पृष्ठावर घट्ट बसणारं काहीतरी. तिला ते नाव ठाऊक होतं. पण सकाळीच तर तिनं लिहून दिलं होतं की ते पाण्यात नाही. तिचा आकडा कधी चुकला नव्हता. तरी ती उठली.

ऋतुजाला बाळापाशी ठेवून ती घरी आली आणि कूलरच्या टाकीत बाटली बुडवून तिनं पाणी भरून घेतलं.

"हे पाणी कधी बदललं होतं?" तिनं दिगंबरला विचारलं.

"बदलाचं कायले? रोज दोन-तीन बादल्या उडते, तेवढं वरून टाकतो. होळीपासून असंच चालू हाय. काऊन वो, काय झालं?"

छायानं कूलर बंद केला आणि प्रयोगशाळा गाठली. होळीपासून. पाणी उडून जातं, आणि जे उडत नाही ते टाकीत साचत राहतं. मग पंख्याच्या वाऱ्याबरोबर बारीक तुषार होऊन खोलीत येतं.

साडेतीन वाजले होते. यंत्रानं तिच्याच लकबीनं पाणी झाडलं, कडी उचलली आणि सांगितलं, एकाहत्तर पूर्णांक चार. छायानं विश्वास बसेना म्हणून हातानं केलं. एकाहत्तर पूर्णांक चार. तिला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली, कारण बाळाला काय झालंय ते अजून कळलेलं नव्हतंच. तिनं दुसऱ्या वाटीत पाणी ओतलं, तिसऱ्यांदा करून बघावं म्हणून, तेवढ्यात फोन वाजला.

"आई," ऋतुजा म्हणाली, "तिच्या घशातून नळी घालून औषध सोडणार आहेत. सही मागतायत. मी करू ना?"

"कर. लगेच कर."

"तू कुठे आहेस?"

"येते," छाया म्हणाली. मग तिनं जावयाला फोन लावला, तो गाडीत होता आणि आवाज तुटत होता. मग पुन्हा ऋतुजाला, मग डॉक्टरांना. औषध गेलं होतं आणि बाळ थोडं निवलं होतं. ती बाहेरच्या व्हरांड्यातून परत टेबलाशी आली तेव्हा वाटी भरून चाळीस मिनिटं झाली होती. तिचे हात इतके थरथरत होते की काचेची नळी वाटीच्या काठावर वाजायला लागली. नळी फुटेल म्हणून तिनं ती बाजूला ठेवली. या एका वेळी झाडल्याशिवायच बघू, असं म्हणून कडी टेकवली आणि उचलली.

कडी अर्ध्यातच सुटली. आकडा आला अडतीस.

छायाला वाटलं, हात हलला. तिनं कडी लाल करून घेतली, दोन्ही हात टेबलाला टेकून श्वास शांत केला, पाणी झाडलं आणि पुन्हा मोजलं. एकाहत्तर. मग तिनं नवी वाटी भरली, तिच्यावर काच झाकली आणि घड्याळाकडे बघत चाळीस मिनिटं बसून राहिली. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब चाळीस मिनिटं. काच काढली, झाडलं नाही, कडी उचलली. अडतीस. शेजारी नळाच्या पाण्याची वाटीही तशीच ठेवली होती. तिचा आकडा सत्तावन्न.

मग तिला सगळं एकदम दिसलं, आणि दिसलं नसतं तर बरं असंही वाटून गेलं. पाण्यात स्थिरा इतकी थोडी होती की तिला वर यायला वेळ लागायचा. वर येऊन ती साय धरायची, तेवढ्यात छाया नळी फिरवून ती साय ओढून टाकायची, मळ समजून. खाली उरलेल्या पाण्यातून नवी साय धरायला अर्धा-पाऊण तास हवा, आणि छाया तर दहा सेकंदांत कडी उचलायची. जे शोधायचं होतं, तेच ती आधी झाडून टाकत होती. धरण पूर्ण भरलेलं असताना याचा काही फरक पडत नव्हता. पण आता वैशाखात पाणी उतरून सायीला आणि गावाचं पाणी उचलणाऱ्या नळाच्या तोंडाला दोन फुटांचंसुद्धा अंतर उरलं नव्हतं. आणि कूलर गारवा का देत नव्हते, तेही उघड होतं. ताट्यांवर तीच साय बसली होती, तिचं कामच मुळी पाणी उडू न देणं. गारवा नाही म्हणून लोक कूलर दिवसरात्र चालवत होते.

पिऊन काही होत नाही, ते पोटात जिरतं. श्वासातून गेलं की मात्र ते फुप्फुसाच्या ओलीवर जाऊन बसतं. आणि एकतीस प्रयोगशाळांमधे तिचाच हात दर आठवड्याला ते झाडून टाकत होता.

तिनं पाणीपुरवठ्याचे कार्यकारी अभियंता बोंडे यांना फोन लावला. बोंडे वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"इंगोले मॅडम, तुमची नात दवाखान्यात आहे, मला कळलं. अशा वेळी माणसाचा हात हलतो. यंत्राचा हलत नाही. ते अजून एकाहत्तर म्हणतंय ना?"

"त्याला शिकवलं मीच आहे, साहेब. माझी चूक ते बिनचूक करतंय."

"बरं, समजा तुमचं खरं. कूलर बंद करा म्हणून सांगायचं लोकांना? आज सेहेचाळीस आहे, उद्या सत्तेचाळीस सांगितलंय. पत्र्याच्या घरातली म्हातारी माणसं उन्हानं गेली, तर ती कोणाच्या सहीवर जाणार? एक दिवस थांबा. मुंबईहून माणूस बोलावतो, त्याला करू द्या."

तो म्हणत होता तेही खरं होतं. कूलर चालू राहिले तर बाळं जातील, बंद केले तर म्हातारी माणसं. दोन्हीकडे तिची सही. तिला इतकी भीती वाटली की क्षणभर तिला मनापासून वाटलं, बोंडेंचं ऐकावं. एक दिवसच तर आहे. मुंबईचा माणूस येईल, तोच काय ते लिहील.

पण एका दिवसात बाळ चोवीस तास श्वास घेतं.

"पंखे चालू राहू द्या, फक्त कूलरचा पाण्याचा पंप बंद," ती म्हणाली. "ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांनी टाकी धुऊन ते भरावं. म्हाताऱ्यांसाठी मंगल कार्यालयं उघडा, तिथं एसी आहे. बारशाला मी सभागृह घेतलंय उद्या, ते आजच देते. साहेब, मी लाल पत्रक काढते आहे."

लाल पत्रक म्हणजे पाणी वापरास अयोग्य. ते काढायचा अधिकार फक्त प्रयोगशाळा प्रमुखाचा, आणि त्यात कारण लिहावं लागतं. छायानं लिहिलं: मोजण्यापूर्वी पृष्ठ झाडण्याच्या माझ्या पद्धतीमुळे या उन्हाळ्यातली सर्व प्रमाणपत्रं चुकीची ठरतात. पाणी झाकून चाळीस मिनिटं ठेवावं, झाडू नये, मग मोजावं. खाली सही केली आणि पत्रक नगरपालिकेला आणि सगळ्या एकतीस प्रयोगशाळांना पाठवलं. साडेपाचला घंटागाड्यांच्या भोंग्यांवरून कूलरचे पंप बंद करा असं गावभर ओरडलं जाऊ लागलं, आणि छाया दवाखान्याकडे निघाली. रस्त्यात एक बाई खिडकीतून छायाच्या रिक्षावाल्याला विचारत होती, असं कसं, सकाळी तर पाणी चांगलं म्हणाले. त्याला ते माहीत नव्हतं.

बालविभागात कूलर बंद झाले होते. छायाला वाटलं होतं, औषध देऊन दोन तास झाले, आता बाळ सुधारलं असेल. पण ऋतुजा भिंतीला टेकून उभी होती आणि डॉक्टर काझी बाळावर वाकलेल्या होत्या.

"चारला छान सुधारली होती," डॉक्टर म्हणाल्या. "आता पुन्हा मिटत चाललीय. कूलर बंद, खिडक्या बंद. मला कळत नाही, आता तिला ते मिळतंय कुठून."

बाळाच्या छातीवरची कातडी पुन्हा आत ओढली जात होती. कण्हणं ऐकू येत होतं. छायानं नळीवरून नजर मागे नेली. भिंतीतून येणारा ऑक्सिजन पाण्याच्या छोट्या बाटलीतून बुडबुडत जायचा, कोरड्या हवेनं बाळाचं नाक सुकू नये म्हणून, आणि तिथून बाळाच्या नाकापर्यंत. छाया बाटलीजवळ गेली. साध्या पाण्यात बुडबुडा वर आला की फुटतो. इथं ते फुटत नव्हते. बाटलीच्या गळ्यापर्यंत एकावर एक चढून बसले होते.

"सिस्टर, हे पाणी कुठलं?"

"फिल्टरचं, मॅडम. दोन दिवसांत पेशंट वाढले, डिस्टिल्डच्या बाटल्या सकाळीच संपल्या." सिस्टरनं धीर देत भिंतीकडे हात केला. "पण काळजी करू नका, तपासलेलं आहे. आजचंच सर्टिफिकेट आहे."

भिंतीवर सकाळचं पत्रक लावलेलं होतं. खाली छायाची सही.

"काढा ते," छाया म्हणाली. मग ती डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, ती बाटली काढा. त्यातूनच जातंय."

डॉक्टरांनी बाटलीकडे एकदाच पाहिलं. पुढच्या क्षणी बाटली बाजूला झाली होती आणि ऑक्सिजन कोरडाच जोडला होता. त्यांनी शेजारच्या तीन बाळांच्या बाटल्याही सिस्टरकडून काढवल्या आणि औषधाची दुसरी कुपी मागवली. हे सगळं दोन-तीन मिनिटांत झालं. छाया खोलीच्या मधोमध उभी होती आणि कुणी तिला बाजूला हो म्हटलं तरी तिला ते ऐकू गेलं नसतं.

ऋतुजानं मात्र सगळं ऐकलं होतं. ती भिंतीवरच्या कागदाकडे बघत होती.

"ही तुझी सही आहे."

"हो."

"घरातल्या कूलरमधे पण हेच पाणी."

"हो. मी चुकीचं मोजत होते, ऋतू. सगळ्यांना तसंच शिकवलं."

ऋतुजानं बाळाच्या पायाला बोट लावलं. पाय इवलासा होता, तळव्याला अजून सुरकुत्या होत्या.

"मी पुण्यातच राहिले असते तर?"

छायाला वाटलं, काहीतरी सांगावं. तिथंही काय असतं कोण जाणे, असं म्हणता आलं असतं. पण आज तिनं एकदा खरं लिहून दिलं होतं, आणि आता तिच्यात खोटं बोलायचं बळ राहिलं नव्हतं.

"तर हिला काही झालं नसतं," ती म्हणाली.

छायानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. ऋतुजानं तो बाजूला केला आणि बाळाकडे वळली. डॉक्टरांनी दुसरा डोस सोडला होता. छाया दूर उभी राहून श्वास मोजत होती. ब्याण्णव. दहा मिनिटांनी शहाऐंशी. आणखी दहा मिनिटांनी एकोणऐंशी, आणि कण्हणं विरळ झाल्यासारखं वाटलं. "बघूया," डॉक्टर म्हणाल्या, "आजची रात्र काढू दे." यापेक्षा जास्त त्या सांगायला तयार नव्हत्या.

छायाच्या पर्समधे फोन वाजत होता. ती उचलेना. तो थांबला आणि पुन्हा वाजू लागला, नंबर दुसरा. मग तिसरा. सगळे नंबर दुसऱ्या जिल्ह्यांतले. ऋतुजानं मान न वळवता म्हटलं, "घे तो. तिथंही असं कुणीतरी असेल."

छायानं फोन कानाला लावला. पलीकडे एका लांबच्या जिल्ह्यातली प्रयोगशाळा प्रमुख होती, मागच्या वर्षी प्रशिक्षणाला भेटलेली, हसरी, पाणी झाडताना जीभ दातात धरणारी. आता तिचा आवाज अगदी सपाट होता.

"मॅडम, तुम्ही सांगितलं तसं ठेवलं. चाळीस मिनिटं झाकून. घरच्या कूलरचं पाणी आणलं होतं बरोबर. एकेचाळीस आला. मी बरोबर केलंय ना? यंत्र तर अजून एकाहत्तर सांगतंय."

"बरोबर केलंत," छाया म्हणाली. "घरी लहान कोण आहे तुमच्या?"

पलीकडून फोन टेबलावर पडल्याचा आवाज आला, आणि मग दूर दूर धावत जाणारी पावलं.